चाळीस सेकंदांचे दोन दिवस

संस्थेचा कारकून देवीदास नंदागवळी फाईल फिरवायला बसला की संस्थेच्या खोलीसमोरून जाणारा माणूस पाय उचलून चालायचा. चपला पायरीखाली, मोबाईल बंद. दारावर खडूनं लिहिलेली सूचना, देवीदासच्याच वळणदार अक्षरात: 'फाईल चालू आहे. आवाज करू नये. विचारू नये.' त्यातल्या 'विचारू नये'खाली दोन रेघा.

तरी एखादा खिडकीशी तोंड नेऊन विचारायचाच, "झाली का जी?"

आतून शब्द यायचा नाही, खोकला यायचा. हा खोकला देवीदासनं तालुक्याला एका बड्या साहेबाच्या दाराशी बसून बसून उचलला होता. लांबलचक, दोन टप्प्यांचा. पहिल्या टप्प्याचा अर्थ 'मी कामात आहे', दुसऱ्याचा 'तू नाहीस'. विचारणारा गुपचूप पायरीवर जाऊन बसायचा.

संस्था म्हणजे तीन नंबर पाटाची पाणी वापर संस्था. इटियाडोह धरणाचं पाणी उन्हाळी धानाला पाळीनं मिळतं आणि प्रत्येक पाळीआधी कोणाच्या कोणत्या गटात किती धान उभं आहे याची, पाटाची दारं सांभाळणाऱ्या गेटवाल्यानं जमवलेली यादी खात्याच्या साईटवर चढवावी लागते. यादीत ज्याचं शेत, त्याच्याकडचं दार उघडतं. यादीत नाव नाही, तर दाराला कुलूप. एवढं सरळ. फक्त संस्थेच्या संगणकातला जुना प्रोग्राम ही यादी एका साच्यात ओकायचा आणि खात्याची साईट ती दुसऱ्याच साच्यात गिळायची. नवरानवरी तेच, मुहूर्त तोच, पण मुलीकडचे पत्रिका वेगळी छापतात आणि मुलाकडचे वेगळी, तसं. या साच्यातली यादी त्या साच्यात ओतायची, याला देवीदास 'फाईल फिरवणं' म्हणायचा. अकराशे चाळीस ओळी. दोन दिवस लागायचे.

लागायचे चाळीस सेकंद.

पहिल्या वर्षी मात्र खरोखर दोन दिवस लागले होते, ते नाकारून चालणार नाही. एकेक रकाना उचला, इकडचा तिकडे ठेवा, नावामागचं रिकामं शेपूट छाटा. मान अशी धरली की भागीरथानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तीन दिवस मोहाचं तेल चोळलं. चोळता चोळता ती म्हणाली, "मशीन घेतली ना तुमच्या संस्थेनं? मंग हे मशीनचं काम तुमी काऊन करून राहिले?"

प्रश्न बाईनं विचारला म्हणून त्यानं तिथल्या तिथे उडवून लावला आणि आपला म्हणून मनात ठेवला. त्या उन्हाळ्यात त्यानं तक्त्यांच्या प्रोग्रामात एक सोय हुडकून काढली. 'नोंद सुरू' म्हणायचं, आपण काम एकदा करून दाखवायचं, 'नोंद बंद' म्हणायचं. पुढच्या वेळी मशीन तेच काम आपणहून करतं, नकला करणाऱ्या पोरासारखं. दोन महिने चुकला, पुसलं, परत दाखवलं. शेवटी तक्त्याच्या कोपऱ्यात एक पिवळा चौकोन बसला. तो दाबला. पडदा लटलट हलला, रकाने आपोआप पळाले आणि चाळीस सेकंदांत यादी नव्या साच्यात तयार.

देवीदास घाबरला. खुर्ची मागे सरकवून उठला, ही गोष्ट कोणाला तरी सांगावी म्हणून दार उघडलं.

पायरीवर बिसनलाल बोपचे बसले होते. संस्थेचे अध्यक्ष. पाटाच्या मुखाशीच चाळीस एकर, दोन ट्रॅक्टर, आणि दर वाक्याला "काय आहे ना". अनवाणी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, उन्हात. देवीदासला पाहताच ते उठून उभे राहिले.

"झालं का जी, देवीदासजी?"

देवीदासजी. कालपरवापर्यंत "अरे ए देवीदास" होतं. देवीदासचा बाप या बोपच्यांच्या अंगणात आपल्या दीड एकराला पाणी कधी सुटेल हे विचारायला जायचा आणि भुईवर बसून दिवस काढायचा. आतून गडी येऊन सांगायचा, "मालक जेवून राहिले." मग, "मालक झोपले." मग, "मालक बाहीर गेले." मालक मागच्या दारानं जायचे.

'झालं' म्हणायला उघडलेलं तोंड देवीदासनं मिटलं, आणि मग सांगितलं, "उद्या सायंकारी."

दार लावून घेतलं. आत जाऊन आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर मांडी घालून बसला.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. बारा वर्षं, दर उन्हाळ्यात चार पाळ्या, दर पाळीला दोन दिवस. त्या दोन दिवसांत देवीदास आत काय करायचा? पहिल्या मिनिटाला पिवळा चौकोन दाबायचा. मग कोरं पान उघडून खडखड टाईप करायचा, कारण बाहेर आवाज गेला पाहिजे. सुरुवातीला 'धान धान धान' असं लिहायचा. पुढे कंटाळा आला तेव्हा गावातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याच्याविषयी मनातलं लिहायला लागला आणि संध्याकाळी पुसून टाकायचा. पत्ते लावायचा. शेंगदाण्याची फोलं मुठीत चुरून, आवाज न करता खिशात भरायचा. दुपारी डब्यानंतर खडखड थांबली की बाहेरची माणसं एकमेकांना खुणेनं सांगायची, आता बारीक काम सुरू आहे. बारीक काम म्हणजे देवीदास टेबलावर डोकं ठेवून झोपलेला. संध्याकाळी थकलेला चेहरा करून घरी जायचा तेव्हा एका गालावर कीबोर्डचे चौकोन उमटलेले असायचे. भागीरथा ते पाहायची आणि काही बोलायची नाही. चहात साखर मात्र त्या दोन दिवसांत कमी पडायची.

मग मागच्या हिवाळ्यात गोंदियाहून इंद्रकुमार आला.

इंद्रकुमार नवीन सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस. शर्ट इस्त्रीचा, हातात दोन फोन, दोन्हींवर बोलायचा आणि दोन्हींना "सिंपल है" म्हणायचा. संस्थेची सभा भरली. त्यानं भिंतीवर उजेडाचा चौकोन पाडला आणि बोलायला उभा राहिला.

"देखो काकाजी लोग. अभी आपका क्या होता है? दोन दिवस लागतात. आदमी बैठा है, मेहनत कर रहा है, अपने को बुरा लगता है. हमारे सॉफ्टवेअर में क्या है, जुनी फाईल टाकली, बटन दबाया, नवी फाईल बाहेर. ऑटोमॅटिक. सिंपल है."

"दोन दिवसाचं काम एका बटनात?" बिसनलाल पुढे सरकले.

"एक मिनट."

चाळीस सेकंदांपेक्षा वीस जास्त, असं देवीदासच्या मनात आलं. त्याला मोठ्यानं म्हणता आलं नाही, ही त्या सभेतली सगळ्यात मोठी शिक्षा.

इंद्रकुमारनं करून दाखवलं. वरच्या गावांची यादी टाकली, बटन दाबलं, यादी फिरली. टाळ्या पडल्या. बिसनलाल उठले. "काय आहे ना, आता आपली संस्था डिजिटल झाली. आपन कवापर्यंत एका मानसाच्या भरवशावर राहाचं? काय आहे ना, मानूस आज आहे, उद्या नाही." हे म्हणताना ते देवीदासकडे असे पाहत होते, जणू उद्याचं त्यांना आजच कळलंय.

देवीदासनं हात वर केला. एक गोष्ट त्याला पहिल्या वर्षीच कळली होती आणि ती अजून बोचत होती. "तो गटाचा रकाना आहे ना जी, त्याले आधी सांगा लागते, का हे..."

"दादा, दादा," इंद्रकुमार हसला, "आप टेन्शन मत लो. मशीन को सब समझता है. आप इतने साल थक गए, अब आराम करो."

सगळी सभा हसली. मागून कोणीतरी देवीदासचा तो दोन टप्प्यांचा खोकला हुबेहूब काढून दाखवला आणि हशा दुप्पट झाला.

देवीदासनं हात खाली घेतला. बरं, म्हणाला मनात. घ्या समजून.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या माणसांनी खोलीचं दार काढलं, मधली फळ्यांची भिंत पाडली आणि संगणक सभेच्या दालनात अध्यक्षांच्या टेबलावर मांडला, पडदा लोकांकडे तोंड करून. याला त्यांनी 'पारदर्शकता' म्हटलं. देवीदासला पाण्याच्या कॅनजवळ प्लास्टिकचा स्टूल मिळाला. काम: वीज गेली की बॅटरीचा खटका दाबणे.

मार्चअखेरच्या पाळीला बिसनलालनं स्वतःच्या बोटानं बटन दाबलं. आधी मशीनला हळदीकुंकू, टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ. बोट, बटन आणि बिसनलाल असा फोटो पाच गावांच्या ग्रुपवर गेला. खाली त्र्याहत्तर अंगठे आले. चौऱ्याहत्तरावा देवीदासचा होता. तोही द्यावाच लागतो.

पाणी सुटलं. पहिल्या दिवशी वरच्या दोन गावांना, दुसऱ्या दिवशी मधल्या दोन गावांना. सगळीकडून "बढिया" आलं. तिसऱ्या दिवशी पाटाच्या अगदी टोकाला, जांभूळटोलीला, पाणी पोचायचं होतं. तिसरा दिवस गेला, चौथाही गेला. जांभूळटोलीचं दार कुलपातच.

पाचव्या दिवशी दुपारी साडेतीनला देवकाबाई आली. साठीची, वाळलेल्या शेंगेसारखी, हातात कागद आणि मागे गावातल्या चार बायका. नवरा अंथरुणाला खिळलेला, शेती तीच करायची. तिच्या धानाला लोंब्या फुटायला आल्या होत्या आणि बांधीत, म्हणजे त्या भाताच्या वाफ्यात, जमिनीला बोट जाईल अशा भेगा होत्या. या वेळेला पाणी नाही मिळालं तर लोंबी पोकळ. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, तिथे सगळे धानवालेच होते.

"गेटवाला म्हन्ते तुमच्या गावचं एकबी वावर यादीत नाई," ती टेबलाशी उभी राहून म्हणाली. "मी म्हटलं, काल तं होतं, रात्रीतून कोनं चोरून नेलं? त्यानं हा कागद देल्ला. अध्यक्षसाहेब, वाचा बरं माह्या नावापुढं काय लिहून आहे."

बिसनलालनं चष्मा लावला. "देवकाबाई... सात मार्च."

"माहा गट सात. हिस्सा तीन. हा सात मार्च कोन होय?"

बिसनलालनं कागद उलटून मागची बाजू पाहिली.

"जाऊबाईच्या नावापुढं सात एप्रिल आहे. पुतन्याच्या पुढं सात मे. म्हंजे त्याचा धान माह्याच्या दोन महिन्यानं कापाचा का? आन ह्या बाईचा," तिनं मागच्या एकीला पुढे ओढलं, "तीन डिसेंबर. तवर आमी कोनाच्या वावरात राहाचं?"

देवीदासनं स्टुलावरूनच ओळखलं. जांभूळटोलीत गट मोजून अठ्ठावीस, भाऊ मात्र मोजता येत नाहीत. दर वाटणीला गटाला नवा हिस्सा फुटतो: ७/३, ७/४, ७/५. वरच्या गावांचे गट दोनशे-तीनशेच्या घरातले. २१२/१ बघून कोणताच प्रोग्राम फसत नाही, कारण कोणत्याच महिन्याला दोनशे बारा दिवस नसतात. पण ७/३ दिसला की त्याला वाटतं, अरे, ही तर तारीख. मग तो खूश होऊन स्वतःच्या हुशारीनं सात मार्च लिहून टाकतो. साईट असा गट शोधते, तिला सापडत नाही, ती ओळ सोडून पुढे जाते. जांभूळटोलीच्या सगळ्या शहाऐंशी ओळी. म्हणून आधी त्या रकान्याला बजावून ठेवायचं असतं, की बाबा रे, हा हिशेबाचा आकडा नाही, तारीख नाही, जसा आहे तसाच उतरव. ज्या वाक्यावर सभा हसली होती ते वाक्य हेच.

बिसनलालनं इंद्रकुमारला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

"सर, सिंपल है," फोन म्हणाला. "आपके डेटा में ही तारीखें होंगी."

"कोन बोलून राहिला हा?" देवकाबाई.

"मॅडम, मैं गोंदिया से."

"गोंदियात धान डेटात पिकते का, बापू? माह्याकडं मातीत पिकते. ते मातीच वाळून राहिली."

फोनचा सूर मऊ झाला. "अपडेट आएगा, मॅडम. सात दिन में."

"सात मार्चले की सात एप्रिलले?"

फोन कटला. नेटवर्क गेलं असावं, असं बिसनलाल म्हणाले. गोंदियाची माणसं अडचणीत आली की जिल्ह्याचं नेटवर्क जातं.

साईटवर यादी दुरुस्त करायची मुदत त्या दिवशी पाच वाजेपर्यंत होती. पाळी परवा संपत होती. पाचच्या आत दुरुस्त यादी गेली तर जांभूळटोलीचं दार उघडणार, नाही तर पुढच्या पाळीला, म्हणजे पंधरा दिवसांनी. चार वाजायला आले होते.

बिसनलालनं चष्मा काढून पुसला आणि आवाज बदलला. "देवीदासजी."

जी परत आला होता.

"काय आहे ना, देवीदासजी, जुनं ते जुनं. तुमच्याच पद्धतीनं फिरवा लागते. पन त्याले तं दोन दिवस पाहिजे. आन आज तं पाच वाजता बंद." ते देवकाबाईकडे वळले. स्वतःच्या चाळीस एकरांत गुडघाभर पाणी असलेला माणूस बोलतो तितक्या शांतपणे बोलले. "मंग ही पाळी गेली समजा, बाई. पुढच्या पाळीले तुमचा पहिला नंबर. आन देवीदासजी, ही भिंत आपन परत उभी करू. दार बी. तुमच्यासारख्या मानसाले असं स्टुलावर बसवनं बरोबर नाही."

देवीदासला आता काहीच करायचं नव्हतं. फक्त एक सुस्कारा टाकायचा होता. 'काय करता जी, दोन दिवसाचं काम.' एवढं म्हटलं की भिंत परत, दार परत, खोकला परत. इंद्रकुमार गोंदियातच राहणार. कोणी त्याला दोष देणार नव्हतं, उलट हार घातला असता. त्यानं सुस्कारा टाकलासुद्धा. चांगला जमला. दोन बायकांनी त्याच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं.

देवकाबाईनं पाहिलं नाही. ती कागदावरच्या ओळी बोटानं मोजत होती. "शहाऐंशी," ती मागच्या बाईला म्हणाली, "एकबी नाई सोडला माय, पुरं गावच तारीख करून टाकलं."

देवीदास उठला. का उठला हे त्याला पुढेही नीट सांगता आलं नाही. पाय उठले आणि त्यांच्यामागे तो.

"पाहतो," तो म्हणाला. "सगळे बाहीर जा."

बिसनलाल निघालेही, बारा वर्षांची सवय. देवकाबाई खाली फरशीवर बसली. "मी नाई हालत. पाच वाजेतवर इथंच बसतो."

"आवाज नाही झाला पाहिजे, बाई."

"मी कायले आवाज करू? माहा धान मरून राहिला, तो आवाज करते का?"

ती बसली म्हणून चौघी बसल्या. चौघी बसल्या म्हणून बिसनलाल दारातून परतले आणि उभे राहिले. अध्यक्षानं बायकांसमोर बाहेर पायरीवर बसणं बरं दिसत नाही.

देवीदासनं शर्टाच्या आतल्या खिशाची सेफ्टी पिन काढली. आतून प्लास्टिकची पुडी, पुडीतून पेनड्राईव्ह. जुनी फाईल उघडली. कोपऱ्यात पिवळा चौकोन. आणि मागे सहा जणांचे डोळे, पडद्यावर.

मग त्यानं काम करायचं नाटक सुरू केलं. आधी पडदा पुसला. मग माऊस उलटा करून त्याच्या पोटाकडे पाहिलं. एक ओळ निवडली, सोडली. तीच परत निवडली. "हूं," म्हणाला. "हे असं आहे तं." टाईप करायला कोरं पान उघडणार होता, पण पडदा लोकांकडे तोंड करून होता आणि शहाऐंशी ओळींसाठी 'धान धान धान' पारदर्शक झालं असतं. दोन दिवसांचा खेळ एका तासात बसवायचा, तोही बघ्यांसमोर. सव्वाचार झाले. साडेचार झाले. मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरला.

"देवीदास," देवकाबाई म्हणाली, "तू मघापासून ते एकच नाव खालीवर करून राहिला. ते नाव माहं होय. त्याले चक्कर येईन."

एक बाई हसली. देवीदासनं घड्याळाकडे पाहिलं. सोळा मिनिटं राहिली होती, आणि साईटचं काही सांगता येत नाही.

त्यानं पिवळा चौकोन दाबला.

पडदा लटलट हलला. रकाने आपल्या पायांनी उठून आपल्या जागी जाऊन बसू लागले. ओळी धावत होत्या आणि देवीदासचे दोन्ही हात टेबलावर पालथे पडले होते, हे सगळ्यांना दिसत होतं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावरून निघाला आणि आठवर आला. यादी थांबली. देवकाबाईपुढे ७/३. जाऊबाईपुढे ७/४. मागच्या बाईपुढे ३/१२.

यादी साईटवर चढवायला सात मिनिटं लागली. चार वाजून एकावन्न मिनिटांनी हिरवी पट्टी आली: 'दुरुस्त यादी स्वीकारली.'

"हे..." बिसनलालनं सुरुवात केली. "हे पुरं झालं?"

"हो जी."

"हेच? दोन दिवसाचं?"

"हो जी."

"आन हे आताच बनवलं तुमी, काय आहे ना, आज?"

देवीदासला 'हो' म्हणता आलं असतं. अजूनही. "नाही," तो म्हणाला. "बारा वर्षं झाली."

बिसनलालच्या चेहऱ्यावरून एकेक उन्हाळा सरकत गेला. "म्हंजे मी त्या पायरीवर... उन्हात... अरे, त्या दगडानं मले मूळव्याध झाली, लेका. नागपूरले जाऊन ऑपरेशन केलं मी."

आता देवीदासची वेळ होती. या प्रसंगासाठी त्याच्याकडे बारा वर्षं घासूनपुसून ठेवलेलं एक वाक्य होतं. बापाचं अंगण, भुई, जेवणारे मालक, झोपणारे मालक, सगळं त्या एका वाक्यात बसवलेलं. दर पाळीला टेबलावर डोकं ठेवून तो ते मनात म्हणायचा आणि त्यावर झोप चांगली लागायची. तो ताठ झाला, आधी थोडा खोकला.

"थांब," देवकाबाई म्हणाली. ती बिसनलालशी नाही, देवीदासशीच बोलत होती. "चाळीस सेकंदाचं काम होय. मंग गेल्या साली आमची पाळी दोन दिवस उशिरा काऊन आली? त्याच्या आंदीच्या साली बी? आमी इचारलं तं संस्थेतून सांगितलं, फाईल चालू आहे."

देवीदासचं तोंड उघडं होतं. वाक्य तयार होतं. ते या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

त्यानं बारा वर्षं बोपच्यांना पायरीवर बसवलं होतं, हे खरं. पण पाटाचं पाणी मुखाकडून शेपटाकडे जातं. दोन दिवसांचा उशीर मुखाशी दोनच दिवसांचा असतो, तिथे बांधी भरलेलीच असते. शेपटाशी पोचेपर्यंत पाणी आटतं, पाळी संपते आणि दार अर्धंच उघडून बंद होतं. बापाचा दीड एकर जांभूळटोलीच्याच वाटेवर होता. हे सगळं देवीदासला माहीत होतं. खिशातल्या शेंगदाण्याच्या फोलांइतकं ठाऊक होतं. आत बसून त्यानं फक्त त्याचा आवाज होऊ दिला नव्हता.

"काऊन?" देवकाबाईनं परत विचारलं.

"माह्यामुळं," देवीदास म्हणाला.

तिनं कागदाची घडी घातली. शिवी देईल असं वाटत होतं. मागच्या बायकांनी तर जागा करून दिली.

"बरं," ती उठत म्हणाली. गुडघे वाजले. "गेटवाल्याले फोन लाव. माह्यासमोर लाव. आवाज मोठा कर."

त्यानं लावला.

दार दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. त्याच दिवशी तातडीची सभा झाली. देवीदासला काढून टाकावं असं बिसनलालनं मांडलं, पण मग पिवळा चौकोन कोण दाबणार यावर गाडी अडली. "मी दाबतो," म्हणायला बिसनलाल तयार होते, फक्त त्या बोटाचा फोटो अजून सगळ्यांच्या फोनात होता. शेवटी ठराव झाला: यादी हाती आल्यापासून एका तासात फाईल चढली पाहिजे, दोन सभासदांदेखत, बसायला स्टूलच. इंद्रकुमारचाही फोन आला. "दादा, वो आपका पीला वाला जो है ना, मेल कर दो. अगले अपडेट में डाल देंगे. सिंपल है." देवीदासनं मेल केलं. आठ दिवसांनी अपडेट आलं. त्यात चौकोन निळा होता आणि त्याखाली कंपनीचं नाव होतं.

भागीरथानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग आता डबा नोको ना दोन दिवसाचा?"

पाळी संपल्यावर तिसऱ्या दिवशी देवीदास जांभूळटोलीला गेला. घरी सांगितलं, सडक अर्जुनीला काम आहे. जांभूळटोली त्या वाटेवर नाही. देवकाबाई बांधावर उकिडवी बसून पाण्यात हात घालून चिखल चाचपत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"वाचला का जी धान?" त्यानं लांबूनच विचारलं.

"पाच बांध्या वाचल्या. दोन गेल्या." तिनं ओल्या हातानं दाखवल्या. दोन चौकोन, पिवळे, लोंब्या उभ्याच्या उभ्या. जड झाल्या की लोंब्या वाकतात, या वाकल्या नव्हत्या. "एक त्या गोंदियावाल्याच्या नावानं. दुसरी तुह्या."

देवीदास उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलला, "आन अध्यक्षाच्या नावची?"

"त्याच्या नावची तिसरी होती. ते अर्धी वाचली, म्हनून सांगत नाई." तिनं हात पदराला पुसला. "पुढची यादी कवा देते तुले गेटवाला?"

"बुधवारी."

"बुधवारी किती वाजता?"

"अकराले."

"मंग अकरा वाजून एका मिनिटाले मले फोन कर," देवकाबाई म्हणाली, आणि परत चिखल चाचपायला लागली.